जजसाहेबांचं वाचन

"काय मग, बोलला का काही आमचा राजा?" रविवारच्या जेवणाला मिस ऑगस्टांनी कोळंबी वाढता वाढता विचारलं.

"बोलायला जागा कुठे मिळते त्याला या घरात!" हॉलिस म्हणाला आणि आईने पाहिलं तसा पुन्हा कोळंबीत शिरला.

राजा, म्हणजे अडीच वर्षांचा बीचम, उंच खुर्चीत बसून मक्याच्या कण्यांचा किल्ला बांधत होता. त्याने चमचा लोण्याच्या दिशेने रोखला. लोणी आलं. त्याचं सगळं असंच चालायचं. लोणी, कुत्रा, पंखा, बंदरातलं जहाज, जे हवं त्याच्याकडे बोट रोखायचं आणि दोन बायका धावत सुटायच्या. भाषेची त्याला अजून निकडच भासली नव्हती.

"हॉलिस या वयात चर्चमध्ये उभा राहून अख्खी प्रार्थना म्हणायचा," मिस ऑगस्टा म्हणाल्या. "पण तू मनाला लावून घेऊ नकोस हं, कोरीन. जमेल तेवढं करतेयस ना तू. गुणाची गं माझी."

'गुणाची गं माझी' हे मिस ऑगस्टा फार प्रेमाने म्हणत. ऐकणाऱ्याने नंतर आडोशाला जाऊन कुठे रक्त आलंय का ते बघून घ्यायचं असतं, हे ओहायोहून लग्न होऊन सेंट क्लेमेंटच्या लॅटिमरांच्या घरात आलेल्या कोरीनला पहिल्या वर्षातच कळलं होतं. सासूला सासू न म्हणता 'मिस ऑगस्टा' म्हणायचं, हेही ती तेव्हाच शिकली. या शहरात बाई कितीही नातवंडांची आजी झाली तरी मिसच राहते.

कोरीन शिकलेली होती. म्हणजे काळजी करायचीच तर ती पुस्तकं वाचून करावी, एवढं तिला कळत होतं. डॉक्टर म्हणाले होते, "मुलगे उशिरा बोलतात. वाट बघा. पण फार बघू नका." फार म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोरीन रात्रंदिवस तेच मोजत बसली. बीचमच्या द्राक्षाचे चार तुकडे करताना, त्याच्या कानामागे उन्हाचं मलम चोळताना, ती त्याच्या ओठांकडे बघायची. ओठ हलायचे, पण त्यातून द्राक्षच बाहेर यायचं.

पुस्तकं होती वाचनालयात, आणि वाचनालयात होत्या मिस ओडेसा. बंदराच्या कोपऱ्यावरच्या त्या शाखेच्या त्या प्रमुख, आणि दर गुरुवारी पत्त्यांच्या डावात मिस ऑगस्टांच्या भिडू. बाळंतपणानंतर कोरीनने तिथून मूळव्याधीवरचं एक पुस्तक नेलं होतं. त्याच रविवारी मिस ऑगस्टांनी एक शब्द न बोलता तिच्या खुर्चीवर उशी आणून ठेवली. मऊ, मखमली, कडेला झालर असलेली. त्या उशीवर बसून कोरीनने शपथ घेतली होती की मिस ओडेसांच्या टेबलावरून पुन्हा एकही खासगी पुस्तक न्यायचं नाही.

म्हणून वाचनालयात नवं यंत्र आलं तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं. माणसाशी न बोलता पुस्तक नोंदवून न्यायचं यंत्र. ती बीचमला कडेवर घेऊन गेली. मूल बोलत नसेल तर काय करावं, या विषयावरचं एक जाडजूड पुस्तक तिने ट्रॅक्टरच्या चित्रांच्या पुस्तकाखाली दडवलं.

"काही शोधतेयस का, कोरीन?" मिस ओडेसांनी टेबलामागून विचारलं.

"ट्रॅक्टर!" कोरीन जरा जास्तच जोरात म्हणाली.

यंत्रासमोर उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की कार्ड तर तिचंच आहे. पुस्तक तिच्या नावावर पडणार, नाव संगणकात जाणार, संगणक मिस ओडेसांच्या टेबलावर. तिने हताश होऊन खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जज वेदरली उभे होते.

जज वेदरली म्हणजे ओकचं झाड. अंगणभर फांद्या पसरलेलं, शेवाळाच्या दाढ्या सोडलेलं, शहराचा अभिमान. मूळचे जजसाहेब केव्हाच वारले. त्यांचं नाव झाडाला राहिलं, आणि त्याच्या बुंध्यापाशी वारसा मंडळाची पितळी पाटी. 'या फांदीवर समुद्री चाच्यांना न्याय मिळाला.' न्याय म्हणजे फाशी; पण त्याच फांदीखाली कोणाकोणाला उभं करून गुलाम म्हणून विकलं, ते पाटीवर नाही. जागा कमी पडली, असं मंडळाचं म्हणणं. जागा कशाने कमी पडली, तर खालच्या ओळीने: 'सेंट क्लेमेंट सार्वजनिक वाचनालयाचे मानद वाचक, कार्ड क्रमांक २७००००१.' वाचनालयाच्या शताब्दीला मंडळाने समारंभ करून झाडाला कार्ड दिलं होतं. एखाद्या माणसाला कार्ड हवं असेल तर विजेचं बिल, भाडेकरार आणि दोन ओळखपत्रं लागतात. झाडाला फक्त वशिला लागला.

कोरीनने पाटीकडे पाहिलं. मग यंत्राकडे.

"कृपया कार्ड क्रमांक द्या," यंत्रातली बाई म्हणाली.

"दोन, सात, शून्य, शून्य, शून्य, शून्य, एक," कोरीन पुटपुटत बटणं दाबत गेली. यंत्राने पिन मागितला. इथे पिन म्हणजे वाचकाच्या फोनचे शेवटचे चार आकडे. झाडाला फोन नसतो. पण झाडाला पालक असतो. वारसा मंडळाचं कार्यालय म्हणजे मिस ऑगस्टांचा दिवाणखाना, आणि तिथला नंबर रोज सकाळी कोरीनच्या फोनवर थरथरत उगवायचा. "पाच, पाच, एक, नऊ."

"स्वागत आहे, वेदरली," यंत्र म्हणालं. "पावती हवी आहे का?"

"नको!" कोरीन म्हणाली.

बीचम तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

एकदा भीड चेपली की मग काय. दर शुक्रवारी कोरीन जायची. आधी बोलण्यावरची पुस्तकं, मग झोपेवरची, मग चिंता करणाऱ्या आयांवरची, आणि एकदा तर धीर करून नवऱ्याच्या आईबरोबर शांततेने कसं राहावं यावरचंही. सगळी जजसाहेबांच्या नावावर. त्या जाड पुस्तकात लिहिलं होतं की मुलासमोर ठरावीक जागी, ठरावीक शब्द, त्याच सुरात, मनापासून पुन्हा पुन्हा म्हणावेत. कोरीन रोज स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसून म्हणायची, "बॉ-ल. बॉ-ल. पा-णी." बीचम तिच्याकडे दयेने पाहायचा. मंगळवारी त्याला आजी बंदरावर जहाजं दाखवायला न्यायची, तेवढीच त्याची सुटका.

बिघडलं ते मागणीच्या पुस्तकामुळे. त्या जाड पुस्तकाचा दुसरा भाग या शाखेत नव्हता, म्हणून कोरीनने यंत्रावरूनच तो दुसऱ्या शाखेतून मागवला. मागवलेलं पुस्तक दाराजवळच्या उघड्या फळीवर ठेवतात आणि त्यातून मागणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी वर काढतात, हे तिला कुठे ठाऊक होतं? पुस्तकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत न बोलणाऱ्या मुलांचा विषय, आणि वर चिठ्ठी: 'वेदरली, जज.'

ती पाहिली विन्स्लोने. विन्स्लो पर्यटकांची लाल ट्रॉली चालवायचा आणि चालवता चालवता भोंग्यातून इतिहास सांगायचा. वाचनालयापाशी तो ट्रॉली थांबवायचा कारण शहरातला फुकट संडास तेवढा एकच. तो हात पुसत बाहेर येताना थबकला, चिठ्ठी वाचली, आणि ट्रॉलीत चढेपर्यंत इतिहास तयार होता.

दुसऱ्या दिवशी कोरीन बीचमला ढकलगाडीत घालून झाडाखालून जात होती, तेव्हा भोंगा गरजला: "मंडळी, हे जज वेदरली! यांनी चाच्यांना फासावर दिलं, पण घरी मात्र त्यांचं काळीज तुटत होतं! त्यांची एकुलती एक लेक मुकी! बिचारीने जन्मात एक शब्द उच्चारला नाही! आणि आज, मंडळी, इतक्या वर्षांनी जजसाहेबांचा आत्मा या वाचनालयात उपाय शोधतोय!"

"अरेरे," ट्रॉलीतली एक बाई म्हणाली आणि तिने ढकलगाडीतल्या बीचमकडे प्रेमाने हात हलवला. बीचमने तिच्या आइस टीकडे बोट रोखलं.

'जन्मात एक शब्द उच्चारला नाही' हे वाक्य आता दर तासाला, भोंग्यातून ऐकू येणार होतं. कोरीन घरी आली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली.

आठवडाभरात झाडाच्या मुळाशी शंख, बाहुल्या, लहान मुलांच्या चोखण्या साठल्या. कोणी उकडलेल्या शेंगांचा पुडा ठेवला, तो खारींनी उघडला. कोपऱ्यावरच्या आइसक्रीमवाल्याने 'मुक्या लेकीचा पीच' नावाचा कप काढला. लोक वाचनालयाच्या आत येत, फळीवरच्या पुस्तकाबरोबर फोटो काढत, संडासात जाऊन निघून जात. वाचत कोणी नव्हतं. तेवढं काम जजसाहेबांवर सोपवलेलं होतं.

"बाई, जजला खरंच मुलगी होती का हो?" एका पर्यटकाने मिस ओडेसांना विचारलं. कोरीन ट्रॅक्टरच्या फळीमागे उभी होती.

"ठाऊक नाही," मिस ओडेसा पुस्तकांवर शिक्के मारत म्हणाल्या. "माझ्या पणजीची पणजी त्याच्या घरी राबत होती, एवढं ठाऊक आहे. तिला चांगलं बोलता येत होतं. विचारलं कोणी नाही."

पर्यटकाने याचा फोटो काढला नाही.

आता ते पुस्तक उचलायला जायची कोरीनची छाती नव्हती. मिस ऑगस्टांची मात्र वेगळीच तऱ्हा. रविवारी विषय निघाला तेव्हा त्या आधी पांढऱ्याफटक पडल्या, पाण्याचा घोट घेतला, आणि मग एकदम ताठ बसल्या.

"आत्माच आहे तो," त्या म्हणाल्या. "मंडळाची भूमिका स्पष्ट आहे."

"मम्मा, झाड पुस्तक उघडणार कसं?" हॉलिसने विचारलं. "त्याला हात कुठेयत?"

"तुझ्या वडिलांना दोन होते. त्यांनी तरी कुठे कधी उघडलं?"

कोरीनला हायसं वाटलं. आत्म्यावर खापर फुटतंय तर फुटू दे. पण पुढच्या शुक्रवारी ती वाचनालयात गेली तर फळीवरचं पुस्तक नाही. तिने यंत्रावर जजसाहेबांची ती मागणी उघडून पाहिली. पुस्तक नेलेलं होतं. जजसाहेबांनीच. मंगळवारी.

कोरीनने नेलं नव्हतं.

ती शिकलेली होती, हे वर सांगितलंच आहे. तरीही घरी जाताना तिने ओसरीच्या छतासाठी निळ्या रंगाचा डबा घेतला. निळं छत असलं की भुतांना ते पाणी वाटतं आणि ती घरात शिरत नाहीत, हे या गावात सगळे मानतात, आणि मानत नाही असं सांगणारेही छत निळंच ठेवतात. "तुला पटतं का हे?" हॉलिसने विचारलं. "मुळीच नाही," ती म्हणाली. "शनिवारी लाव." पण रंग लावता आला नाही. वारसा मंडळाने भुतांसाठी फक्त तीन निळ्या छटा मंजूर केलेल्या होत्या आणि ही चौथी होती.

मग आला उन्हाळी वाचनस्पर्धेचा निकाल. कोणी किती पुस्तकं नेली ते यंत्रच मोजायचं आणि वाचनालयाच्या दारावर लावायचं. मोठ्यांच्या गटात पहिला क्रमांक: वेदरली, जज. चौसष्ट पुस्तकं. दुसरी एक निवृत्त शिक्षिका होती, ती म्हणाली की झाडाकडून हरल्याचं तिला दुःख नाही, पण झाडाला घरकाम नसतं हे लक्षात घ्यावं.

चौसष्ट! कोरीनने बोटं मोजली. ताणून ताणून तिची वीस-बावीस. मग बाकीची कोणी वाचली? तिच्या अंगावर काटा आला. उन्हाळ्यात, सेंट क्लेमेंटमध्ये, जिथे काटा यायलाही अंग कोरडं लागतं.

महापौरांना निवडणूक जवळ आलेली दिसत होती. त्यांनी झाडाखाली बक्षीस समारंभ जाहीर केला. नगरसेवकांपैकी एकाने सुचवलं की यंत्रावर कॅमेरा लावावा, म्हणजे आत्मा टिपता येईल. या सूचनेला नगरपालिकेच्या खुल्या सभेत दोनच बायका ताडकन उठून विरोध करत्या झाल्या: एक कोरीन आणि दुसऱ्या मिस ऑगस्टा.

"सभ्य माणसाच्या वाचनावर कॅमेरा?" मिस ऑगस्टा गरजल्या. "या शहराला काही रीतभात उरली आहे की नाही?"

"अगदी बरोबर!" कोरीन म्हणाली. सासूशी आपलं एखाद्या बाबतीत असं मनापासून जुळावं याचं तिलाच नवल वाटलं. मिस ऑगस्टांनीही तिच्याकडे जरा चमकून पाहिलं.

समारंभाला अर्धं शहर आलं. हातपंखे, गवती टोप्या, घामाने चिकटलेले सदरे. विन्स्लोने ट्रॉली आडवी लावून तिच्या टपावर जागा विकली होती. झाडाच्या पालक म्हणून मिस ऑगस्टा ध्वनिक्षेपकापाशी उभ्या, लॅव्हेंडर रंगाच्या पोशाखात. शेजारी कुटुंब: घामेघूम हॉलिस, आणि बीचमला कडेवर घेतलेली कोरीन. बक्षीस होतं वाचनालयाची कापडी पिशवी आणि आइसक्रीमचं कुपन. झाडाला पिशवी अडकवायला खिळा ठोकायचा तर मंडळाची परवानगी लागणार होती, म्हणून ती मिस ऑगस्टांनी स्वीकारायची असं ठरलं.

"पण काय काय वाचलं जजसाहेबांनी, ते तर कळू द्या!" विन्स्लो टपावरून ओरडला.

"यादी वाचा! यादी वाचा!" लोक टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडू लागले. महापौरांनी हसत हसत मिस ओडेसांकडे हात केला.

कोरीनने मनातल्या मनात यादी चाळली. झोप, चिंता, नवऱ्याची आई. आणि सगळ्यात वर, न बोलणारं मूल. एकेक पुस्तक भोंग्यातून वाचलं जाणार आणि शेवटी अख्खं गाव वळून या एका मुलाकडे बघणार. तिने बीचमला घट्ट धरलं.

मिस ओडेसा ध्वनिक्षेपकाजवळ आल्या. चष्मा पुसला.

"कोणी काय वाचलं ते वाचनालय सांगत नाही," त्या म्हणाल्या. "माणसाचं सांगत नाही, झाडाचंही सांगणार नाही. मी इथे आल्यापासून कोणाचं सांगितलेलं नाही, आणि माझ्या मैत्रिणींनी पत्त्यांच्या डावावर पुष्कळ विचारून बघितलंय."

लोक हिरमुसले. मिस ऑगस्टांनी गळ्यातले मोती चाचपले. कोरीन मात्र आ वासून मिस ओडेसांकडे बघत राहिली. मग ती उशी?

"बक्षीस मात्र नियमाने देणार," मिस ओडेसा पुढे म्हणाल्या आणि त्यांनी कागद वर धरला. "विजेत्याच्या वतीने कोणीतरी, कृपया कार्ड क्रमांक द्या."

कोणी पुढे यायच्या आत एक खणखणीत, कोवळा आवाज उठला:

"दोन. सात. शून्य. शून्य. शून्य. शून्य. एक."

कोरीनने आधी मागे पाहिलं. मग खाली. तिच्या कडेवरच्या पोराचे ओठ हलत होते, आणि त्यात द्राक्ष नव्हतं.

"वाचलं! पोरानं पाटी वाचली!" कोणीतरी ओरडलं. "अडीच वर्षांचं पोर!" "लॅटिमरांच्या रक्तातच आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हॉलिस वेड्यासारखा हसत सुटला. कोरीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, बघा, बाहेरची असून इतिहासाची किती ओढ.

पण बीचमचं संपलं नव्हतं. काम अर्धवट सोडणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने श्वास घेतला.

"पाच," तो म्हणाला. "पाच..."

क्रमांक पाटीवर होता, पण पिन पाटीवर नव्हता. "अरे, पुरे, पुरे," कोरीन त्याच्या कानात म्हणाली. बीचम अडला होता. भुवया जवळ आणून त्याने आठवून पाहिलं. मग मदतीसाठी त्याने चेहरा वळवला, आईकडे नाही, तर सरळ आजीकडे.

"एक," मिस ऑगस्टा हलकेच म्हणाल्या, नातवाला धडा पुढे सांगावा तशा. "नऊ."

"एक! नऊ!" बीचम आनंदाने ओरडला.

ध्वनिक्षेपक चालूच होता. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटलं, आजी नातवाला आकडे शिकवते, केवढं कौतुक. टाळ्या न वाजवणाऱ्या त्या अंगणात तिघीच होत्या. एक कोरीन. दुसऱ्या मिस ऑगस्टा, ज्यांचा हात मोत्यांवरच थिजला होता. आणि तिसऱ्या मिस ओडेसा, ज्यांनी शताब्दीच्या वर्षी ते चार आकडे स्वतःच्या हाताने संगणकात घातले होते.

मिस ओडेसांनी सासूकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. मग त्या ध्वनिक्षेपकात म्हणाल्या, "बरोबर आहे," आणि पिशवी मिस ऑगस्टांच्या हातात दिली.

गर्दी पांगताना कोरीनने त्यांना गाठलं. "मिस ओडेसा, मग त्या माझ्या... त्या मागच्या पुस्तकाचं तुम्ही नव्हतं सांगितलं?"

"मी? अगं, तुझ्या गाडीच्या काचेपाशी महिनाभर उताणं पडलं होतं ते. अख्ख्या पार्किंगने वाचलं. मुखपृष्ठावर चित्रसुद्धा होतं."

संध्याकाळी ओसरीवर दोघी झुलत्या खुर्च्यांत बसल्या होत्या. मध्ये आइस टीचे दोन पेले. हॉलिस शिडीवर चढून मंजूर छटेतला निळा रंग छताला लावत होता. बायकोने डबा बदलून आणलेला असल्याने त्याला कारण विचारायचं नव्हतं. बीचम खाली फरशीवर एक डबा दुसऱ्यावर ठेवत होता.



"मंगळवारी," कोरीन शेवटी हळूच म्हणाली, "जहाजं बघायला जात होतात ना तुम्ही?"

"जहाजं होतीच," मिस ऑगस्टा म्हणाल्या. "मुखपृष्ठावर."

"चाच्यांच्या कादंबऱ्या?"

"इतिहास आहे तो, कोरीन."

"सगळ्या चाळीस?"

"सविस्तर इतिहास आहे."

कोरीनला चर्चमधल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतल्या एकदोन प्रती आठवल्या. "मिस ऑगस्टा, त्या चित्रांतल्या चाच्यांच्या अंगात सदरा नसतो."

"उकाडा असतो जहाजावर," मिस ऑगस्टा म्हणाल्या आणि पंखा जरा जोरात हलवला. "ओडेसाच्या टेबलावरून मी तसलं पुस्तक नेलं असतं, तर गुरुवारी तिच्यासमोर कोणत्या तोंडाने बसले असते? मला वाटायचं, सांगते ती सगळ्यांना."

"मलाही."

"तुझ्या मूळव्याधीचं तर पार्किंगमध्ये..."

"कळलं मला."

शिडीवरून निळा थेंब पडला. मिस ऑगस्टांनी पाय आत घेतला. मग त्या समोर बंदराकडे बघत म्हणाल्या, "तो दुसरा भाग. फळीवरचा. तो मी नेला. तीन आठवडे नुसता उभा होता, लोक फोटो काढत होते त्याचे. मला वाटलं, मागवणारीला आता न्यायची लाज वाटतेय, तर आपण तरी वाचावं."

कोरीनने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं? मीच आहे ते?"

"जजसाहेब नवऱ्याच्या आईबरोबर शांततेने कसं राहावं ते वाचायला लागले, तेव्हा शंका आली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ते पुस्तकही मी वाचलं. तू परत केल्यावर. सातवं प्रकरण फारच एकांगी आहे."

कोरीनला हसू आवरेना. मिस ऑगस्टांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गुणाची गं माझी." कोरीनने सवयीने तपासून पाहिलं. या खेपेला रक्त आलंय की नाही ते तिला नक्की सांगता आलं नाही.

"काय खुसुखुसु चाललंय दोघींचं?" हॉलिस वरून म्हणाला. "आणि हे बघ, बीचम, तू ते आकडे नेमके शिकलास कुठे रे? मम्मा, पिशवीत काय आणलंय एवढं जड?"

मिस ऑगस्टांनी बक्षिसाची पिशवी पटकन खुर्चीखाली सारली. "काही नाही. जजसाहेबांची दोन पुस्तकं. निघते मी आता."

त्या उठल्या. पिशवी उचलताना तिच्या तोंडातून मुखपृष्ठावरच्या एका चाच्याची उघडी, तांबूस छाती अर्धी बाहेर आली. बीचमने ती पाहिली. त्याने हातातला डबा खाली ठेवला, उभा राहिला, आणि यंत्रातल्या बाईच्या अगदी त्याच सपाट, सभ्य सुरात आपलं आयुष्यातलं पहिलं संपूर्ण वाक्य उच्चारलं:

"पावती हवी आहे का?"

"नको!" सासू-सुना एका आवाजात ओरडल्या.